साठ घरांच्या विरोधात सह्या करणाऱ्या माझ्या मराठी शेजाऱ्यांना खुलं पत्र

सेंट्रल जर्सीतल्या आपल्या छोट्या टाउनशिपमधल्या सर्व मराठी कुटुंबांना,

स. न. वि. वि.

पाडव्याच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेशेजारी टेबलावर सह्यांचा एक कागद ठेवला होता. गावाच्या हद्दीवरच्या जुन्या रोपवाटिकेच्या जागेत टॅक्स क्रेडिटच्या, म्हणजे करसवलतीच्या, पैशातून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी साठेक भाड्याची घरं बांधायचा प्रस्ताव आहे, त्याला विरोध करणारा. कागदावर चार मुद्दे होते: रस्त्यावरची गर्दी, पावसाच्या पाण्याचा निचरा, शाळेवरचा भार, आणि शेवटचा, या घरांमुळे गावाचं डेमोग्राफिक्स, म्हणजे गावात कोण लोक राहतात ते, बदलेल. तो कागद पुढे ‘गावातल्या मराठी समाजाचं निवेदन’ म्हणून काउन्सिलकडे गेला आणि आता बांधकामाला परवानगी देणाऱ्या प्लॅनिंग बोर्डाच्या हिअरिंगच्या (सुनावणीच्या) कागदपत्रांना जोडला आहे.

त्या समाजात मीही आहे. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सही केली नसती, आणि का करणार नाही तेही तिथेच सांगितलं असतं. ते आता इथे सांगते. निवेदन सगळ्यांच्या नावाने आणि उघड दिलं गेलं, म्हणून उत्तरही उघडच द्यायला हवं.

मी आता कुठे राहते हे तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्ही पूर्वी याच गावात भाड्याच्या टाउनहाऊसमध्ये होतो. नवरा आयटीत कॉन्ट्रॅक्टवर होता. ग्रीन कार्ड हातात आलं आणि थोड्याच दिवसांत त्याचं दुखणं निघालं. काम थांबलं, कामाबरोबर हेल्थ इन्शुरन्स गेला, आणि शेवटी तोही गेला. त्या दिवसांत तुम्हीच डबे आणलेत, मुलीला क्लासला नेलंत-आणलंत, मी नको म्हणत असताना पाकीट हातात ठेवलंत. ते मी विसरलेले नाही. पण घराचं भाडं डब्यांवर निघत नाही. मी आपल्याच गावच्या शाळेत स्पेशल एज्युकेशनच्या वर्गात पॅराप्रोफेशनल, म्हणजे मदतनीस, आहे. या कामाचा वर्षाचा पगार इथल्या दोन बेडरूमच्या बाजारभावाच्या भाड्यालाही पुरा पडत नाही. गाव सोडावं लागलं. मुलीला आठवीत शाळा बदलावी लागली. पुढे अशा कमी भाड्याच्या घरांच्या लॉटरीत नंबर लागला आणि शेजारच्या काउंटीत टॅक्स क्रेडिटमधून बांधलेल्या संकुलात दोन खोल्यांचं घर मिळालं. तिथे मी राहते. रोज सकाळी गाडी काढून तुमच्या गावात येते, तुमच्या मुलांच्या वर्गात बसते, आणि संध्याकाळी परत जाते.

तेव्हा ‘तसली माणसं’ गावात येतील म्हणून सही करताना ती माणसं कोण, हे निदान माझ्यापुरतं तरी तुम्हाला कळलेलं असावं.

ती घरं मिळतात कशी, याबद्दल त्या दिवशी टेबलापाशी बरंच बोललं जात होतं. फुकट मिळतात, सरकार वाटतं, कुणीही येऊन राहतं. मला लीज मिळण्याआधी मॅनेजमेंटच्या ऑफिसात मी काय काय दिलं ते सांगते. पगाराच्या लागोपाठच्या पावत्या. बँकेची स्टेटमेंटं. इन्कम टॅक्सचं रिटर्न. शाळेच्या ऑफिसातून आठवड्याचे तास आणि ताशी दर लिहून, सहीशिक्क्यानिशी आलेला फॉर्म. नवऱ्याच्या विम्याचे उरलेले पैसे कुठे ठेवलेत त्याचा कागद. डोंबिवलीच्या बँकेत सासूबाईंनी माझ्या नावावर केलेल्या मुदत ठेवीची पावतीसुद्धा, कारण तिचं व्याजही उत्पन्नात धरतात. टेबलापलीकडच्या बाईने कॅल्क्युलेटरवर त्या व्याजाचे डॉलर केले, बेरजेत मिळवले, आणि ती बेरीज मर्यादेच्या आत बसते का ते तक्त्यावर बोट ठेवून पाहिलं. माझ्या उभ्या आयुष्यात माझी आर्थिक परिस्थिती इतक्या बारकाईने कुणी तपासली नव्हती. टाउनहाऊस भाड्याने घेताना तर नाहीच नाही.

आणि भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. ते माझ्या पगारावर ठरत नाही, त्या घरासाठी ठरवलेल्या उत्पन्नमर्यादेवर ठरतं: मर्यादेच्या ३० टक्के, त्यात वीज-गॅसचा अंदाजी खर्च धरून. मर्यादेपेक्षा माझा पगार बराच कमी असल्यामुळे महिन्याच्या शेवटी मलाही ओढाताण होते. फक्त घर हातातून जात नाही. उद्या पगार वाढला तरी लगेच कुणी बाहेर काढत नाही, ही या कायद्यातली चांगली गोष्ट आहे. माणसाला सावरायला वेळ मिळतो.

माझ्या जिन्यावरची माणसंही सांगते. खाली एक डोमिनिकन बाई राहतात, त्या स्कूल बस चालवतात आणि पहाटे पाचला त्यांच्या गाडीच्या आवाजाने मला जाग येते. समोरच्या दारात एक इजिप्शियन जोडपं आहे, तो फार्मसीत टेक्निशियन, ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची अंघोळ-औषधं बघते. वरच्या मजल्यावर टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ नातवाला सांभाळतात. माझी फोडणी त्यांच्याकडे जाते, त्यांचे मसाले माझ्याकडे येतात. यांपैकी कुणीही तुमच्या गावात आलं तर गावाचं काय बिघडेल, ते मला समजावून सांगा.

आता पैशाचं. ‘आमच्या टॅक्सच्या पैशातून’ हा शब्द टेबलापाशी सारखा ऐकू येत होता, म्हणून नीट सांगणं भाग आहे. टॅक्स क्रेडिटचा हा कायदा १९८६ चा. अध्यक्ष रेगन यांच्या सहीने जो मोठा करसुधारणा कायदा झाला त्यातलं हे एक कलम, करसंहितेतलं ४२ वं. १९९३ मध्ये ते कायमचं केलं गेलं. केंद्र सरकार दर वर्षी राज्यांना क्रेडिटचा ठरावीक कोटा देतं. न्यू जर्सीत हाउसिंग अँड मॉर्गेज फायनान्स एजन्सी तो स्पर्धेतून वाटते. ज्याला क्रेडिट मिळतं तो डेव्हलपर ती बँकांसारख्या गुंतवणूकदारांना विकतो, आणि आलेल्या पैशातून बांधतो. समजा बांधकामाचा पात्र खर्च एक कोटी डॉलर आहे. ९ टक्क्यांच्या क्रेडिटमध्ये वर्षाला सुमारे नऊ लाख, असे दहा वर्षं, मिळून नव्वद लाख डॉलरचा कर गुंतवणूकदाराचा वाचतो. त्यासाठी तो आज थोडी कमी रक्कम रोख मोजतो. तितकं कर्ज डेव्हलपरला काढावं लागत नाही, म्हणून भाडं कमी ठेवता येतं. बदल्यात केंद्राच्या कायद्याने किमान ३० वर्षं ती घरं ठरलेल्या उत्पन्नाच्या कुटुंबांनाच द्यावी लागतात, आणि पहिल्या पंधरा वर्षांत अटी मोडल्या तर गुंतवणूकदाराचं क्रेडिट परत जातं. बॉंडच्या जोडीने मिळणारा ४ टक्क्यांचा दुसरा प्रकारही आहे. १९८७ पासून देशभर तीस लाखांहून जास्त घरं या रस्त्याने उभी राहिली.

ही पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मधल्या वकिलांची, सल्लागारांची आणि दलालांची फी मोठी असते, आणि मुदत संपल्यावर घरं बाजारभावाला जाण्याची टांगती तलवार राहते. त्यावर बोला, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

पण टॅक्सचा पैसा म्हणाल, तर तो तुमच्याही घरात आहे. साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या कर्जावरचं मॉर्गेजचं व्याज तुम्ही उत्पन्नातून वजा करू शकता. प्रॉपर्टी टॅक्सची वजावट २०१७ च्या कायद्याने दहा हजारांवर आणली होती, २०२५ मध्ये ती चाळीस हजारांपर्यंत वाढली, तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किती आनंद झाला होता ते मी वाचलं आहे. त्या आनंदाबद्दल माझी तक्रार नाही. सरकारने एकाच्या घराला करात सूट दिली की तो हक्क, आणि दुसऱ्याच्या घराला दिली की भीक, एवढा फरक मला मान्य नाही.

आता तो चौथा मुद्दा. या पत्राचं खरं कारण तोच आहे.

आपण सगळे न्यू जर्सीत राहतो, तेव्हा या राज्याचा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा. १९८७ मध्ये जर्सी सिटीत स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ (डॉट म्हणजे कपाळावरचं कुंकू) म्हणवणाऱ्या टोळीने स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहून भारतीयांना शहरातून हुसकावून लावायची धमकी दिली. त्याच वर्षी हॉबोकेनमध्ये एका तरुण भारतीयाला इतकं मारलं की तो वाचला नाही. बायकांनी कुंकू पुसून बाहेर पडावं असे ते दिवस होते, हे आपल्या मंडळातल्या काकू अजून सांगतात. तेव्हा डेमोग्राफिक्स बदलत होतं ते आपल्यामुळे. पुढे एडिसनमध्ये, आजूबाजूच्या गावांमध्ये दुकानं उघडली, देवळं झाली, क्रिकेटची मैदानं आली, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी काउन्सिलसमोर उभं राहून गाव पूर्वीसारखं राहिलं नाही म्हणून बोललं. आपण टिकलो ते १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याच्या आधाराने. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात तो मंजूर झाला आणि घर देताना वंश, वर्ण, धर्म, मूळ देश बघायला बंदी आली. १९८८ मध्ये त्यात लहान मुलं असलेली कुटुंबंही आली. आपल्या आईवडिलांच्या पिढीला व्हिसा मिळाला तो १९६५ च्या कायद्यामुळे, आणि तोही त्याच नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळातला. त्या चळवळीत मार आपण खाल्लेला नाही, दुसऱ्यांनी खाल्ला.

त्यातल्याच एकीचं नाव आपल्या राज्यातल्या प्रत्येक मराठी घरात माहीत असावं असं मला वाटतं: एथेल लॉरेन्स. बर्लिंग्टन काउंटीतलं माउंट लॉरेल हे तिचं गाव, आणि तिचं घराणं तिथे सहा पिढ्यांचं. साठच्या दशकाच्या अखेरीस गावात नवी मोठी घरं होऊ लागली आणि जुनी कृष्णवर्णीय कुटुंबं, ज्यांतली काही कोंबड्यांच्या खुराड्यांची डागडुजी करून त्यात राहत होती, तिथून निघायच्या मार्गावर आली. त्यांनी ३६ साधी भाड्याची घरं बांधायची परवानगी मागितली. १९७० मध्ये चर्चमध्ये झालेल्या बैठकीत महापौरांनी सांगितलं की तुम्हा लोकांना इथे राहणं परवडत नसेल तर गाव सोडावं लागेल. त्यावर खटला झाला. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गावांना झोनिंगचा, म्हणजे कुठे काय बांधायचं याच्या नियमांचा, वापर करून गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही, आणि १९८३ मध्ये तो निकाल आणखी कडक केला. आज आपल्या टाउनशिपवर परवडणारी घरं होऊ देण्याची जी जबाबदारी आहे ती तिथून आलेली आहे. एथेल लॉरेन्स १९९४ मध्ये गेल्या. त्यांच्या नावाच्या १४० घरांतली पहिली घरं उघडली २००० साली, मधे तीस वर्षं गेली. आणि ती घरं टॅक्स क्रेडिटमधूनच झाली.

तिथल्या हिअरिंगमध्येही आपल्या कागदावरचेच मुद्दे होते. गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, टॅक्स चढेल. घरं झाल्यानंतर प्रिन्सटन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माउंट लॉरेलची शेजारच्या सिनामिन्सन, डेलरान आणि एव्हशमशी तुलना केली. अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गुन्हे, किमती, टॅक्स, तिन्हींवर त्या संकुलाचा परिणाम आढळला नाही. परिणाम झाला तो आत राहायला आलेल्यांवर: कामं लागली, मनावरचा ताण कमी झाला, मुलं जास्त वेळ अभ्यासाला बसू लागली.

तुमच्या बाजूचा पुरावाही मी लपवत नाही. रेबेका डायमंड आणि टिम मॅक्वेड या अर्थतज्ज्ञांचा टॅक्स क्रेडिटच्या घरांवरचा २०१९ चा मोठा अभ्यास सांगतो की गरीब वस्तीत असं संकुल झालं तर अगदी लगतच्या, म्हणजे मैलाच्या दहाव्या भागाच्या आतल्या, घरांच्या किमती साधारण साडेसहा टक्क्यांनी वाढतात. आणि श्रीमंत, अल्पसंख्याक कमी असलेल्या भागात तेवढ्याच टापूत त्या अडीच टक्क्यांच्या आसपास उतरतात. आपल्या गावात रोपवाटिकेपासून मैलाच्या दहाव्या भागाच्या आत किती घरं आहेत ते नकाशावर बघा. त्या घरांच्या मालकांना काळजी वाटणं मी समजू शकते. पण सह्या करणारे बहुतेक जण तिथून दोन-तीन मैलांवर राहतात.

आणखी एक आठवण करून द्यायची आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुलुंडमध्ये एका मराठी बाईला ती मराठी आहे म्हणून सोसायटीत ऑफिसला जागा नाकारली, तेव्हा तो व्हिडिओ आपल्या ग्रुपवर दिवसभर फिरत होता. आपल्याच शहरात आपल्याला जागा नाकारतात, म्हणून तुम्ही पोटतिडकीने लिहिलं होतं. मीही लिहिलं होतं. सोसायटीवाल्यांचं म्हणणं काय होतं? महाराष्ट्रीय लोकांना आमच्या सोसायटीत जागा नाही. ते तिकडे आपल्याला सहन झालं नाही. मग इकडे तसलंच म्हणणं आपल्या सहीनिशी काउन्सिलच्या टेबलावर कसं जातं? आंबेडकरांच्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसांना वस्तीची हद्द आखून माणसं वेगळी ठेवणं म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही तो मुद्दा टिकणारा नाही. कोण राहायला येणार हे बघून प्लॅनिंग बोर्डाला परवानगी नाकारता येत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर डॅलसचं प्रकरण आलं ते टॅक्स क्रेडिटचंच: राज्याची संस्था कृष्णवर्णीय वस्त्यांतच क्रेडिट जास्त वाटते आणि गोऱ्या उपनगरांत फार कमी, अशी तक्रार होती. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की हेतू सिद्ध झाला नाही तरी एखाद्या धोरणाचा परिणाम भेदभावाचा होत असेल तर फेअर हाउसिंग कायद्याखाली दाद मागता येते. उद्या कुणी कोर्टात गेलं तर ‘मराठी समाजाचं निवेदन’ हा पुरावा म्हणून जोडला जाईल. त्यात तुमच्या-आमच्या आडनावांची यादी आहे.

गावकऱ्यांनी पैसे भरून आपला वाटा दुसऱ्यावर ढकलण्याची सोयही या राज्यात होऊन गेली आहे. १९८५ च्या कायद्याने एखादं गाव आपल्या वाट्याची निम्मी घरं पैसे देऊन शहरांकडे पाठवू शकत असे. कित्येक उपनगरांनी पाठवली, आणि गरिबी शहरांतच कोंडून राहिली. २००८ मध्ये ती सोय बंद केली. २०२४ च्या मार्चमध्ये तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांच्या सहीने नवा कायदा आला आणि २०२५ ते २०३५ या दहा वर्षांसाठी प्रत्येक गावाचा आकडा ठरला. राज्यभरात मिळून नवी ८४ हजारांहून जास्त परवडणारी घरं. आपल्या टाउनशिपने २०२५ च्या जूनअखेर जो आराखडा दिला त्यात रोपवाटिकेची जागा आहे. ती तुम्ही हाणून पाडलीत तर जबाबदारी संपत नाही. आराखडा कोसळला तर गावाचं कोर्टातलं संरक्षण जातं आणि खासगी बिल्डर ‘बिल्डर्स रेमेडी’, म्हणजे गावाचं झोनिंग डावलून बांधायची कोर्टाची परवानगी, मागून येतो. तो साधारण पाचातलं एक घर परवडणारं देतो आणि बाकीची चार बाजारभावाने विकतो. म्हणजे साठ परवडणाऱ्या घरांसाठी तीनशे घरं. गर्दीची, पाण्याची आणि शाळेची काळजी खरी असेल तर हे गणित आधी मांडायला हवं होतं.

‘फक्त सिनियर्ससाठी बांधा, मग आमची हरकत नाही’ असंही काही जण म्हणाले. यात चांगुलपणा आहे असं त्यांना वाटत असेल. आपल्यातल्याच काहींचे आईवडील अशा कमी भाड्याच्या सिनियर बिल्डिंगमध्ये राहतात आणि मला त्याचा आनंदच आहे. पण फक्त सिनियर्स म्हणजे मुलं नकोत, एवढाच त्याचा अर्थ उरतो. कायद्याने सिनियर घरांच्या वाट्यावर मर्यादा घातली आहे ती म्हणूनच. माझी मुलगी तुमच्या मुलांबरोबर शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवत होती, तुमच्या घरी रात्री राहिली होती. तिच्यासारख्या मुलांचा भार होतो असं एका कागदावर लिहिलं गेलं, आणि तो कागद तिने वाचला. मंडळाच्या ग्रुपवर मीच तिला घेतलं होतं, गणपतीत स्वयंसेवक म्हणून. तिने मला विचारलं, आई, हे आपल्याबद्दल आहे का? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

या गावात काम करणाऱ्यांना या गावात राहता येत नाही, ही माझी मूळ तक्रार आहे. २०२५ मध्ये राज्याचं किमान वेतन ताशी १५.४९ डॉलर होतं. आठवड्याला चाळीस तास, वर्षभर एकही सुट्टी न घेता केलं तर बत्तीस हजार डॉलरच्या आसपास. डे-केअरमधल्या मुली, डॉक्टरच्या ऑफिसातली रिसेप्शनिस्ट, भारतीय किराणा दुकानात भाजी लावणारी मुलं, तुमच्या आईला आठवड्यातून तीनदा बघायला येणारी बाई, सगळी रोज लांबून येतात. आणि मर्यादा फार खाली आहे असंही नाही: आपल्या भागात चौघांच्या कुटुंबाला ६० टक्क्यांची (म्हणजे भागातल्या मधल्या, मीडियन, उत्पन्नाच्या साठ टक्क्यांची) उत्पन्नमर्यादा ऐंशी हजार डॉलरच्या वर जाते. एकट्या कमावत्याची नोकरी गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं त्यात बसतील. गेल्या दोन-तीन वर्षांत आयटीतल्या कपातीनंतर मला गुपचूप फोन करून ‘ते तुझ्या घराचं कसं असतं गं’ असं विचारणाऱ्या वहिनी याच गावातल्या आहेत. त्यांची नावं मी कुणाला सांगणार नाही. पण सह्यांमध्ये त्यांच्या घरचीही सही आहे.

रस्ता, पाणी आणि शाळा या तुमच्या तीन मुद्द्यांत मात्र तथ्य आहे आणि ते नीट मांडले जायला हवेत. रोपवाटिकेसमोरच्या काउंटी रोडला फूटपाथ नाही. तिथून स्ट्रिप मॉलपर्यंत चालत जाणारी बाई आणि तिच्या हाताला धरलेलं पोर गाड्यांच्या कडेने जाणार आहेत. मागचा ओढा मोठ्या पावसात भरून वाहतो हे सगळ्यांनी पाहिलं आहे. आणि शाळेचा मुद्दा तर खराच महत्त्वाचा आहे, कारण अशा प्रकल्पांना प्रॉपर्टी टॅक्सऐवजी ‘पायलट’ कराराने ठरावीक रक्कम भरायची मुभा मिळते. त्या पैशातला वाटा शाळेला देणं टाउनशिपवर बंधनकारक नसतं. मुलं शाळेत येतात आणि पैसे म्युनिसिपालिटीत राहतात. मी वर्गात असते, एका मदतनिसाच्या अंगावर किती मुलं पडतात ते मला माहीत आहे. पण हा काउन्सिलने करायचा करार आहे, भाडेकरूंचा त्यात दोष नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

निवेदनातला डेमोग्राफिक्सचा मुद्दा लेखी मागे घ्या, आणि तो मागे घेतल्याचं पत्र हिअरिंगच्या आधी बोर्डाच्या सेक्रेटरीकडे द्या. ज्यांनी न वाचता सही केली असेल त्यांनी आपलं नाव काढून घ्यावं. एक ओळीचा ईमेल पुरतो.

‘मराठी समाज’ म्हणून काउन्सिलकडे काहीही पाठवायचं असेल तर आधी सगळ्यांची सभा घ्या. भाड्याने राहणाऱ्यांना, आणि माझ्यासारख्या गाव सोडाव्या लागलेल्यांनाही बोलवा. ज्यांना वैयक्तिक विरोध करायचा आहे त्यांनी स्वतःच्या नावाने करावा, तो त्यांचा हक्क आहे.

फक्त सिनियर्ससाठी घरं करा ही मागणी सोडून द्या.

हिअरिंगला जरूर या, पण उपयोगाचे प्रश्न घेऊन या: पायलटमधला किती वाटा शाळेला देणार हे काउन्सिल ठरावात लिहून देईल का? फूटपाथ आणि स्कूल बसचा थांबा डेव्हलपर करणार की काउंटी? ओढ्याकडच्या बाजूला पाणी साठवण्याची सोय पुरेशी आहे का, आणि ती तपासणारा इंजिनिअर कोण? संकुलात मॅनेजर राहणार की फोन नंबर लावून जाणार? कमी भाड्याची अट किती वर्षांची, आणि ती संपल्यावर आत राहणाऱ्यांचं काय? या प्रश्नांची उत्तरं मिळाली तर प्रकल्प सुधारेल आणि तुम्हालाही त्रास कमी होईल. मंजुरी नुसती लांबवत ठेवली तर मात्र क्रेडिटसाठी अर्ज करायची त्या वर्षीची मुदत हुकते आणि सगळं पुढे ढकललं जातं. ते झालं तर विजय झाला असं कृपा करून म्हणू नका.

मी हिअरिंगला येणार आहे. मला तीन मिनिटं मिळतील. ती मी इंग्रजीत बोलेन आणि मी टॅक्स क्रेडिटच्या घरात राहते हे तिथे सांगेन. घरं झाली तर लॉटरीत माझाही अर्ज असेल; मुलीची हायस्कूलची शेवटची वर्षं तिच्या जुन्या मैत्रिणींबरोबर जावीत अशी माझी इच्छा आहे. नंबर लागेलच असं नाही, लागला नाही तरी माझं मत बदलणार नाही. ज्यांना त्या आधी माझ्याशी बोलायचं असेल त्यांच्याकडे माझा नंबर आहेच. शाळा सुटल्यावर मी मोकळी असते. घरी या, घर बघा, प्रश्न विचारा. भाडं किती, कागद काय लागतात, शेजारी कसे आहेत, सगळं सांगेन.

तुमची,
शाळेतली मदतनीस, आणि या मंडळाची सभासद